भाव सांगणारी वेबसाइट

२००८ साली अमेरिकेत घरांचा बाजार कोसळला आणि परसात पोहण्याचा तलाव बांधून घेणारे गिऱ्हाईक नाहीसे झाले. व्हर्जिनियातली 'रिव्हर पूल्स अँड स्पाज' ही छोटी कंपनी बुडायच्या बेताला आली. जाहिराती परवडेनात. तेव्हा मार्कस शेरिडन या भागीदाराने एक साधे काम हाती घेतले. गिऱ्हाईक विचारते तो प्रत्येक प्रश्न टिपायचा आणि त्याचे उत्तर कंपनीच्या वेबसाइटवर सविस्तर लिहायचे.

पहिला मोठा प्रश्न होता, फायबरग्लासच्या तलावाला खर्च किती? या धंद्यात वेबसाइटवर किंमत लिहायची रीतच नव्हती. शेरिडन यांनीही एकच आकडा दिला नाही, पण खर्च कशाकशाने वाढतो आणि साधारण कुठून कुठवर जातो, हे समजावून सांगितले. गुगलवर तो लेख थेट वर आला. मग त्यांनी फायबरग्लासचे तोटे लिहिले. इतकेच काय, रिचमंड भागातल्या चांगल्या तलाव-बांधकामदारांची यादी दिली, त्यात प्रतिस्पर्ध्यांची नावे घातली आणि स्वतःचे गाळले! त्या प्रतिस्पर्ध्यांना शोधणारे लोकही यांच्याच पानावर पोहोचू लागले. कंपनी तरली, आणि २०१७ मध्ये शेरिडन यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले.

आपल्याकडच्या अनेक छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट उघडल्या की 'सहर्ष स्वागत', संस्थापकांचा फोटो आणि 'गुणवत्ता हीच आमची ओळख' एवढेच दिसते. हे शब्द गुगलवर कोण शोधणार?

देवगडच्या एखाद्या बागायतदाराचे उदाहरण घेऊ. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी बाजारात दुसरीकडचा आंबाही हापूस म्हणून खपवला जातो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाच्या मनात शंका असतात. पेटीत किती डझन? फळ केवढे? गवतात पिकवलेला की कार्बाइडने? घरी आढी कशी लावायची? आणि सगळ्यांत अडचणीचा प्रश्न : कापल्यावर साका निघाला तर? बाहेरून देखणे फळ आतून पांढरट, स्पंजासारखे निघते, हे विक्रेते सहसा बोलत नाहीत. ज्याच्या पानावर साक्याचे कारण आणि पैसे परत देण्याची अट स्वच्छ लिहिलेली असेल, त्याच्यावर गिऱ्हाईक विश्वास टाकेल. भावही टाइप करूनच लिहावा. अनेकजण दरपत्रकाचा फोटो टाकतात. त्यातला मजकूर शोधात सहज सापडत नाही.

बाकीची कामे फुकटात होतात. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करता येते, आणि कोणते शब्द शोधून लोक आपल्या पानावर आले हे गुगलचे 'सर्च कन्सोल' हे साधन दाखवते. शोधात वर येण्यासाठी पैसे मोजून इतर साइटवरून लिंक लावून घेण्याचा मार्ग मात्र टाळावा. 'जेसी पेनी' या अमेरिकी दुकानसाखळीसाठी लावलेल्या अशा लिंक २०११ मध्ये उघड झाल्या आणि गुगलने तिला शोधयादीत खूप खाली ढकलले. एवढ्या मोठ्या कंपनीची गय झाली नाही, तिथे छोट्याची कुठून होणार?

नवे पान गुगलवर वर यायला बऱ्याचदा काही महिने जातात. मार्च-एप्रिलमध्ये पेट्या विकायच्या असतील, तर बागायतदारांनी दिवाळी झाली की लिहायला बसावे. गेल्या हंगामात फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले प्रश्न हाताशी असतातच. सुरुवात त्यांपासूनच करावी.