बॉयलरचा अग्नी आणि फडातला अग्नी



दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो. सभासदांपैकी एक जोडपे पूजेला बसते, नारळ फुटतो, तोफांच्या सलामीऐवजी फटाके वाजतात आणि भट्टीत अग्नी पडतो. मग काही दिवसांनी गव्हाणीत मोळी टाकली, की हंगाम सुरू झाला असे आपण समजतो. टेंभुर्णी पंचक्रोशीतल्या माणसाला हे नवे नाही. गावच्या यात्रेइतकाच हा सोहळा आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

एका अशाच कार्यक्रमात प्रसाद घेताना एक वयस्कर सभासद इंजिनिअरसाहेबांना म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं हात जोडतोय, पण आत जळतंय काय ते कुणी सांगितलंच न्हाई."

"आबा, तुमचाच ऊस जळतोय," साहेब म्हणाले, "रस काढून घेतलेला."

आबांचा प्रश्न साधा होता, पण त्यातच पुष्कळ काही आहे. आज "अक्षय ऊर्जा" हा शब्द सगळीकडे ऐकू येतो. २००४ पासून देशात २० ऑगस्ट हा दिवस अक्षय ऊर्जा दिन म्हणून पाळतात, त्या दिवशी शाळांतून फेऱ्या निघतात, भाषणे होतात. पण आपल्या भागातला अक्षय ऊर्जेचा खरा सोहळा म्हणजे अग्निप्रदीपनच. आपण तो त्या नजरेने पाहिला नाही, इतकेच.

जळते ते काय?

एक टन ऊस गाळला, की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे चिपाडाचा भुसा निघतो. त्यात निम्मे पाणीच असते. तरीही एक किलो बगॅस जाळले, तर सुमारे दोन किलो वाफ तयार होते. म्हणजे टनामागे जवळजवळ सहाशे किलो वाफ झाली. साखर तयार करायला टनामागे चारशे ते पाचशे किलो वाफ लागते. उरते ती आपली शिल्लक.

पूर्वी बॉयलर कमी दाबाचे असत. वाफ कशीबशी कारखान्यापुरती पुरे आणि उरलेले बगॅस आवारात ढीग लावून पडे. १९९० नंतरच्या काळात सहवीजनिर्मिती आली. तिची युक्ती सोपी आहे. वाफ आधी जास्त दाबाने तयार करायची, तिच्याकडून टर्बाइन फिरवून घ्यायचे, आणि दाब उतरलेली तीच वाफ रस आटवायला पाठवायची. एकाच बैलाकडून आधी मोट ओढून घ्यावी आणि मग गाडी, तसा हा प्रकार. चांगल्या यंत्रणेत टनामागे शंभराच्या पुढे युनिट वीज तयार होते. त्यातली काही कारखान्याला लागते, बाकीची महावितरणला विकता येते.

याला अक्षय म्हणायचे ते का? कोळसा एकदा जळला की गेला, तो परत खाणीत उगवत नाही. ऊस मात्र बारा-चौदा महिन्यांत पुन्हा उभा राहतो आणि जळताना हवेत गेलेला कर्बवायू वाढताना पुन्हा ओढून घेतो. धूर होत नाही असे नव्हे. राख आणि काजळी आहेच, म्हणून ती अडवायची यंत्रणाही लागते. पण इंधन आपले आहे. ते परदेशातून आणावे लागत नाही.

या शिल्लकेला गळती कुठे लागते?

ही गळती बहुतेक फडातच सुरू होते. उसाबरोबर पाचट, मुळ्या, माती आणि कोवळे शेंडे आले, की चार तोटे एकदम होतात. साखर उतारा घटतो. माती बगॅसमधून भट्टीत जाते आणि नळ्या झिजवते. ओल वाढली की वाफ कमी पडते. आणि बिघाडामुळे गिरण थांबली, तर बॉयलर तापता ठेवायला शिलकीतले बगॅस खर्ची पडते. काट्यावर वजन जास्त भरले म्हणून एखाद्याला क्षणभर बरे वाटेल. पण उतारा सगळ्यांचा मिळून निघतो आणि ऊसदर उताऱ्यावर ठरतो. तेव्हा एकाची माती सगळ्यांच्या बिलात येते.

सातासमुद्रापार आपलेच भाऊबंद

ऊस आणि ऊर्जा यांची सांगड सर्वांत मोठ्या प्रमाणावर घातली ती ब्राझीलने. लॅटिन अमेरिकेतला हा देश आपल्याला लांबचा वाटतो, पण उसाच्या नात्याने जवळचा आहे. आपला "शर्करा" हा शब्द अरबांच्या तोंडून "सुक्कर" झाला आणि तिकडे "असूकार" होऊन पोचला. उलट आपण रोज वापरतो तो "बगॅस" शब्द मूळचा स्पॅनिश, "बागासो". गळीत हंगामाला ते "साफ्रा" म्हणतात. ब्राझीलमध्ये "रापादुरा" आणि कोलंबियात "पानेला" म्हणून जे विकतात, ते म्हणजे चक्क आपल्या गुळाची ढेप. रस्त्याच्या कडेला उसाचा रस तिकडेही मिळतो. जून महिन्यात संत जॉनच्या सणाला गावोगाव होळ्या पेटवतात, मक्याचे पदार्थ करतात, नाचतात. क्यूबातल्या सांतियागो शहराचा मोठा उत्सवही उसाचा हंगाम उरकल्यावर, जुलैत असतो. ऊस पिकवणाऱ्या माणसाचे सणवार उसाच्या वेळापत्रकावर चालतात, हे त्यांना सांगायला नको आणि आपल्यालाही नको.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले. तेव्हा ब्राझील सरकारने १४ नोव्हेंबर १९७५ रोजी उसापासून अल्कोहोल करून मोटारी चालवण्याची योजना काढली. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी मोटार बाजारात आली आणि १९८५ च्या सुमारास तिथे खपणाऱ्या दहा नव्या मोटारींपैकी नऊ अल्कोहोलच्या होत्या. पण पुढे तेल स्वस्त झाले, साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ मध्ये पंपावर अल्कोहोल मिळेना. लोकांचा विश्वास उडाला. तो परत यायला २००३ उजाडले, जेव्हा पेट्रोल आणि अल्कोहोल दोन्हींवर चालणारी मोटार निघाली.

आपल्याला हे परके वाटू नये. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी म्हणून आपल्याकडेही रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या वर्षापुरते उठले. धडा असा, की साखर, वीज आणि इथेनॉल या तिन्ही पायांवर उभे राहावे. एकाच पायावर भार दिला की तोल जातो.

ब्राझीलचा दुसरा धडा जास्त कडू आहे. तिथे तोडणी सोपी व्हावी म्हणून उभा फड पेटवण्याची चाल होती. काजळी शहरांवर पडू लागली, लोक तक्रार करू लागले. साओ पावलो राज्याने २००२ मध्ये कायदा करून जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले आणि २००७ मध्ये कारखान्यांनी मुदत आणखी अलीकडे आणण्याचे मान्य केले. हवा सुधारली, पाचट जमिनीला मिळू लागले. पण तोडणीयंत्रे आली आणि हजारो तोडणी मजुरांचा कोयता थांबला. आपल्याकडेही यंत्रे येत आहेत. बीड, आष्टी, पाटोद्याकडून बैलगाडीत संसार घालून येणारी टोळी आपल्या अग्निप्रदीपनात कुठेच नसते. तिच्याशिवाय मात्र भट्टीत चिपाड पडत नाही. तिचे पुढे काय, हाही आपलाच प्रश्न आहे.

फडातला अग्नी विझवा

आता मुद्द्यावर येतो. बॉयलरच्या अग्नीला आपण हात जोडतो. आणि ऊस गेल्यावर त्याच हाताने फडात काडी लावतो! एका हेक्टरात ८ ते १० टन पाचट निघते. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का आणि पालाश जवळपास एक टक्का असते. म्हणजे हेक्टरी ४०-५० किलो नत्राची आणि कितीतरी सेंद्रिय कर्बाची आपण होळी करतो.

कोणी म्हणेल, "पाचट ठेवलं तर पाणी पुढं सरकत न्हाई, उंदीर होत्यात." त्याला उपाय आहे.

१. बुडखे जमिनीलगत छाटून मोकळे करा. पाचट बुडख्यांवर ठेवू नका.

२. सरीआड सरी पाचट दाबा. एका सरीत पाचट आणि दुसरीतून पाणी. दोन-तीन महिन्यांत पाचट बसते.

३. टनभर पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. ट्रॅक्टरची कुट्टी मिळाली तर काम लवकर होते.

४. उभ्या फडाला आग लावून तोड मागू नका. जळिताचा ऊस वजनाला घटतो, उताऱ्याला उतरतो.

उन्हाळ्यात उजनीचे आवर्तन लांबले, की पाचट झाकलेल्या खोडव्याची ओल टिकते आणि उघड्याचा खोडवा करपतो. शेजारच्या बांधावर जाऊन प्रत्यक्ष पाहावे.

सोहळा शिकवणारा व्हावा

नुसत्या पत्रकाने माणूस बदलत नाही. गाडगेबाबांनी स्वच्छता भाषणातून नव्हे, कीर्तनातून सांगितली आणि लोकांनी हातात खराटा घेतला. आषाढीला पंढरीच्या वाटेवर भारूड-कीर्तनातून पर्यावरणाचा प्रचार करण्याचा उपक्रम शासनानेही राबवला आहे. सातारा जिल्ह्यातले मान्याचीवाडी हे २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाले, तेही सगळे गाव एकदिलाने बसले म्हणूनच.

तेव्हा सूचना अशी. अग्निप्रदीपनाच्या दिवशी पूजा आटोपल्यावर अर्धा तास सभासदांना बॉयलर आणि टर्बाइन दाखवावे, विशेषतः माता-भगिनींना आणि शाळेच्या पोरांना. मागच्या हंगामात टनामागे किती बगॅस वाचले आणि किती युनिट विकले, हे फळ्यावर लिहावे. मोळी टाकण्याच्या कार्यक्रमात टोळीतल्या एका जोडप्याला पूजेचा मान द्यावा. आणि गावच्या सप्ताहात, यात्रेत एक भारूड पाचटावर व्हावे. आपल्याकडे शाहीर कमी नाहीत.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर आता आपल्यालाच द्यायचे आहे. भट्टीत आपलाच ऊस जळतो, तो जळू द्या. त्याची वीज होते, पैसा होतो. फडात जे जळते, त्याची मात्र नुसती राख होते. येत्या हंगामात निदान एका एकराला काडी लावू नका. बाकीचे तो एकरच सांगेल.