पालिका बाजार ते बर्लिन

२००० नंतरच्या दशकात दिल्लीतल्या सिनेमावेड्यांचे दोन अड्डे होते : सिरी फोर्ट आणि पालिका बाजार. सिरी फोर्टला, बहुतेकदा जुलैत, 'सिनेफॅन' भरायचा. अरुणा वासुदेव यांच्या 'सिनेमाया' नियतकालिकाने १९९९ मध्ये सुरू केलेला हा आशियाई चित्रपटांचा महोत्सव २००४ मध्ये 'ओसियान्स' या कलालिलाव संस्थेकडे गेला आणि २०१२ नंतर थांबला. तिथे ज्यांची चटक लागली त्यांचे चित्रपट घरी हवे असतील, तर कॅनॉट प्लेसच्या पोटातला पालिका बाजार गाठायचा. ब्रेसाँ, ओझू यांच्या चोरट्या डीव्हीडी तिथे मिळत. आपले दिग्दर्शक मणी कौल मात्र सहजी हाती लागत नसत.

आणि हवे असायचे नेमके तेच. १९६९च्या 'उसकी रोटी'ची गोष्ट एका वाक्यात संपते : बालो बसड्रायव्हर नवऱ्यासाठी रोटी घेऊन थांब्यावर वाट पाहते. छायालेखक के. के. महाजनांनी हा चित्रपट टिपला २८ आणि १३५ मिलिमीटरच्या दोनच लेन्सवर. एकीत सगळा परिसर स्वच्छ. दुसरीत चेहरा किंवा हात तेवढा ठळक, मागचं सारं पुसट. सुरुवातीला वाटतं, पहिली लेन्स वास्तवाची, दुसरी बालोच्या मनाची. पुढे कौल ही वाटणी मोडतात आणि बालो खरंच थांब्यावर उभी आहे की मनातल्या मनात, हे कळेनासं होतं. एका बैठकीत हे उमगत नाही. मागे जाऊन तो हात पुन्हा पाहावा लागतो. असे चित्रपट जवळ बाळगावेसे वाटतात ते यासाठी. दुर्मीळपणाचं आकर्षण असतंच, पण ते नंतरचं.

कौल ६ जुलै २०११ रोजी गुडगावच्या घरी गेले. 'उसकी रोटी' आता घरबसल्या पाहता येतो. तरी मराठी माणसाला 'घाशीराम कोतवाल' विसरता येत नाही. तेंडुलकरांच्या नाटकावरचा हा चित्रपट १९७६ मध्ये कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप आणि सईद मिर्झा यांनी 'युक्त' या सहकारी संस्थेतर्फे केला. पुढे तो आपल्याकडे दिसेनासा झाला. प्रिंट जपली होती बर्लिनच्या 'आर्सेनल' या चित्रपट संस्थेने. तिच्यावरूनच त्याची डिजिटल प्रत झाली. नाना फडणविसांच्या पुण्यावरचा चित्रपट असा जर्मनीतून परत मिळाला. हे ठाऊक असलेला संग्राहक स्ट्रीमिंगच्या यादीवर विसंबत नाही. आवडत्या चित्रपटाची एक प्रत डिस्कवर ठेवतो, दुसरी मित्राकडे.