उंचावरचा विमानतळ आणि विरळ हवा

गोरेगावच्या एका शाळेत आम्ही विमानोड्डाणाविषयी बोलत होतो. आठवीतल्या एका मुलाने विचारले, "उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असते ना? मग तिथून विमान उडवणे सोपे जात असेल!" वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. मुलाचा तर्क बरोबर होता, फक्त आकडे तपासायचे राहिले होते. ते आपण तपासू.

मुंबईचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ११-१२ मीटर उंच आहे. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा हिचा बोले विमानतळ सुमारे २३३० मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही (१६४६ मीटर) जवळजवळ ७०० मीटर उंच. एवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण घटते ते दहा हजारांत फक्त ७ भाग. हवेची घनता मात्र शंभरात सुमारे २१ भाग घटते. नफा पैशांत आणि तोटा रुपयांत!

पंखांना मिळणारे उद्धरण हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. घनता ०.७९ पट झाली, तर तेवढेच वजन उचलण्यासाठी वेग सुमारे १.१२ पट हवा. मुंबईत ताशी २७० किलोमीटर वेगाला उडणाऱ्या विमानाला बोलेवर ताशी ३०० किलोमीटर गाठावे लागतात. त्यातच इंजिनालाही विरळ हवा मिळते, त्यामुळे त्याचा रेटा कमी होतो आणि वेग सावकाश वाढतो. चाकांच्या टायरांनाही वेगाची मर्यादा असतेच.

यावर पहिला उपाय लांब धावपट्टीचा. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३४५० मीटर, तर बोलेची ३८०० मीटर आहे. पण तेवढ्याने भागत नाही. दुसरा उपाय म्हणजे वजन कमी करणे. प्रवासी, माल किंवा इंधन यांपैकी काहीतरी मागे ठेवावे लागते. अदिस अबाबाहून वॉशिंग्टनला जाणारी विमाने वर्षानुवर्षे वाटेत उतरून इंधन घेत आली. परतीचा प्रवास मात्र थेट होई. पश्चिमेकडे जाताना समोरून येणारा वारा हेही त्याचे एक कारण, पण उंचीचा वाटा मोठा.

उष्णतेनेही हवा विरळ होते. तापमान १० अंशांनी वाढले, की घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. सुमारे ३२५० मीटर उंचीवरच्या लेहहून प्रवासी विमाने मुख्यतः सकाळी सुटतात, त्यामागे दुपारच्या वाऱ्यांबरोबर हेही कारण आहे. तापत्या जगात ही अडचण वाढतच जाणार.

शिक्षकांनी वर्गात एक गणित जरूर द्यावे. बोलिव्हियातील ला पाझ शहराचा एल आल्तो विमानतळ सुमारे ४०६० मीटरवर आहे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या ०.६६ पट असते. मग आपल्या विमानाला किती वेग लागेल? मुलांना आधी अंदाज करू द्यावा आणि मगच वर्गमूळ काढायला सांगावे. तर्काला आकड्यांची जोड का लागते, हे त्यांना आपोआप कळेल.