शोधप्रबंधाची शुद्धता आणि औषधावरील विश्वास

ग्रंथऋण मान्य करणे ही आयुर्वेदाची प्राचीन परंपरा होय. चरकसंहितेत अध्यायसमाप्तीस मूळ तंत्रकार अग्निवेश आणि प्रतिसंस्कर्ता चरक या दोघांचाही निर्देश येतो. चिकित्सास्थानातील १७ अध्याय, कल्पस्थान व सिद्धिस्थान पूर्ण करणाऱ्या दृढबलाने ही भर अनेक तंत्रांतून वेचून घातल्याचे स्वतःच नमूद केले आहे. त्या परंपरेच्या वारसांनी विद्यापीठीय संशोधनातील वाङ्मयचौर्याकडे काणाडोळा करणे शोभणारे नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी विनियम जारी केले. त्यांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांस एक वर्षाची मनाई होते. त्यापुढे नोंदणीच रद्द होते. श्रेयनिर्देशासह दिलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. तक्रारीची चौकशी प्रथम विभागीय व नंतर संस्थापातळीवरील समितीने करावयाची असून प्रत्येकीस ४५ दिवसांची मुदत आहे.

नियम स्पष्ट आहेत. तथापि त्यांची मर्यादाही ध्यानी घेतली पाहिजे. संगणकीय तपासणी शब्दांचे साम्य दाखविते, आकड्यांचे सत्य दाखवीत नाही. न तपासलेल्या रुग्णांचे कोष्टक स्वतःच्या शब्दांत लिहिले, तर ते या चाळणीतून सहज निसटते. तेथे मार्गदर्शकाने मूळ रुग्णपत्रकांशी ताळा घेणे हाच उपाय उरतो.

प्रकाशनाची अवस्थाही चिंताजनक ठरली होती. पुण्याचे आयुर्वेद संशोधक डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्या मान्य सूचीचे परीक्षण प्रसिद्ध केले. विद्यापीठांनी सुचविलेल्या व तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असण्याची शक्यता त्यांनी दाखविली. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके सूचीतून वगळली. पुढे आलेली ‘केअर’ सूचीही २०२५ मध्ये बंद झाली आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी संस्थांकडे आली.

हा प्रश्न केवळ विद्यापीठाचा आहे, असे भोसरीतील चिकित्सकाने वा चाकणच्या औषधनिर्मात्याने समजू नये. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील २०१० च्या १५८-ब अन्वये स्वामित्वविशेष आयुर्वेदीय औषधाच्या परवान्यासाठी परिणामकारकतेचा पुरावा अपेक्षित आहे. त्या पुराव्याच्या मुळाशीच बनावट प्रबंध असेल, तर परवान्यापासून माहितीपत्रकापर्यंत आणि तेथून कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या रुग्णाच्या मात्रेपर्यंत तेच असत्य झिरपते. दोष प्रबंधकाराचा असतो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र औषध देणारा वैद्यच उत्तरदायी ठरतो.

म्हणून आम्ही सर्व व्यवसायबंधू-भगिनींना आवाहन करतो की, ‘संशोधनसिद्ध’ असे छापलेले पत्रक हाती येताच तीन प्रश्न अवश्य विचारावेत. अभ्यास कोठे प्रसिद्ध झाला? नैतिकता समितीची अनुमती होती काय? २००७ पासून कार्यरत असलेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत त्याची नोंद आहे काय? समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ते पत्रक परत करावे. द्रव्याची परीक्षा केल्यावाचून आपण ते खलात घालीत नाही. पुराव्यालाही तोच न्याय लावणे आवश्यक आहे.