आवाज कोणीकडून आला?

अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला मनुष्य इस्पितळातून घरी परतला, की आप्तेष्ट त्याच्या हातापायांची आणि वाचेची चौकशी मोठ्या आस्थेने करतात; परंतु त्याला नीट ऐकू येते का, आणि आलेला आवाज कोणत्या बाजूचा हे त्याला उमगते का, हा प्रश्न घरात क्वचितच निघतो आणि केसपेपरावरही बहुधा दाखल होत नाही. सोलापुरात ही उपेक्षा विशेष घातक होय. कारण पूर्व भागातल्या चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांवर, धोट्याच्या अखंड खडखडाटात ज्याची उमर गेली, त्याचे कान अगोदरच अधू झालेले असतात, आणि झटक्यानंतर तो बोललेले पुन्हापुन्हा विचारू लागला, तर मंडळी सारा दोष मागावर टाकून मोकळी होतात.

वस्तुतः मागाच्या गोंगाटाने येणारे बधिरत्व वर्षानुवर्षे साचत जाते, सामान्यतः दोन्ही कानांत सारखेच असते, आणि प्रथम ४००० हर्ट्‌झच्या आसपासचे उंच स्वर ग्रासते. याउलट, घटकाभरात एका कानाने ऐकू येईनासे झाले, भोवळ आली, तोल गेला, तर अंतःकर्णाकडे जाणारी बारीक धमनी तुंबली असण्याचा संभव असतो. ती बहुधा लहान मेंदूला रक्त पुरविणाऱ्या एका धमनीचीच शाखा असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गुठळी विरघळविण्याच्या औषधाची मुदत झटक्यापासून सामान्यतः साडेचार तासांचीच आहे.

दिशेचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. डावीकडचा ध्वनी उजव्या कानी किंचित क्षीण होऊन आणि किंचित उशिरा पोहोचतो. हा विलंब फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. खालच्या स्वरांची दिशा या विलंबावरून आणि उंच स्वरांची तीव्रतेच्या फरकावरून कळते, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले. ही तुलना मस्तिष्कस्कंधात होते, आणि तिच्यावरून अवकाशाचे चित्र मोठा मेंदू रचतो. प्रत्येक कानाची वार्ता मेंदूच्या दोन्ही अर्धांकडे जात असल्यामुळे एका अर्धाला इजा झाली तरी मनुष्य सहसा बहिरा होत नाही, श्रवणमापनाची चाचणी निर्दोष येते, आणि तरीही मागून रिक्षाचा हॉर्न वाजला असता तो भलत्याच बाजूला वळतो. उजव्या अर्धाला इजा झालेल्यांत हे अधिक आढळते. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत शेजाऱ्याचे बोलणे निवडून घेणेही त्याला जड जाते, कारण भोवतालच्या कोलाहलातून एक आवाज वेगळा काढायला दिशेचे ज्ञानच साहाय्य करीत असते.

याची प्राथमिक परीक्षा खाटेपाशी होऊ शकते. रुग्णाला डोळे मिटावयास सांगून त्याच्या एका कानाजवळ, मग दुसऱ्या, आणि शेवटी एकदम दोन्ही कानांजवळ बोटे चोळावीत, व आवाज आला तिकडे हात करावयास सांगावे. एकेका कानाजवळ चोळल्यावर दोन्ही बाजू ओळखणारा रुग्ण जोडीने चोळल्यावर एकच बाजू दाखवू लागला, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानी घालावी. वाचा गेलेल्यालाही ही परीक्षा देता येते, आणि घरी तेलुगू व बाजारात मराठी बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबातल्या वृद्धाला भाषेची अडचण पडत नाही.

दोष आढळल्यास केवळ श्रवणयंत्र विकत आणून भागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. रुग्णाशी समोर उभे राहून, एकावेळी एकानेच बोलावे, दूरदर्शन बंद ठेवावे, आणि रस्ता ओलांडताना त्याने कानांवर विसंबू नये म्हणून सोबत द्यावी. पुढील काही महिन्यांत यात सुधारणा होऊ शकते. म्हणून तीच परीक्षा पुन्हा करून, तारखेसह तिची नोंद ठेवावी आणि ती कान-नाक-घसा तज्ज्ञांना व मेंदूविकारतज्ज्ञांना, दोघांनाही दाखवावी.