नावाची मिळकत आणि तिची राखण

मृगाच्या तोंडावर बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावचा शेतकरी केजच्या किंवा अंबाजोगाईच्या दुकानात सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी मागतो, तेव्हा आतला दाणा उगवणीचा आहे की नाही हे जागच्या जागी पारखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. तो पिशवीवरचे नाव वाचतो, चित्र ओळखतो आणि पैसे मोजतो. अशा वेळी त्या नावाची कोणी नक्कल केली, तर मूळ उत्पादकाचे एक गिऱ्हाईक जाते, पण शेतकऱ्याचा सबंध हंगाम जातो. म्हणूनच व्यापारचिन्हाचा कायदा हा केवळ कारखानदारांच्या सोयीचा आहे, ही समजूत मला मुळातच चुकीची वाटते. या कायद्याच्या केंद्रस्थानी ग्राहकाचा विश्वास आहे आणि व्यापाऱ्याचा हक्क त्या विश्वासातूनच निर्माण होतो.

हा विश्वास न्यायालय कोणत्या मापाने मोजते, हे पार्ले बिस्किटांच्या खटल्यात स्पष्ट झाले. पार्लेच्या वेष्टनावर शेतघराच्या अंगणात हातात बादली घेतलेली मुलगी आणि तिच्या सभोवती गाई व कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरच्या एका कंपनीने जवळजवळ त्याच आकाराच्या व रंगसंगतीच्या वेष्टनावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली मुलगी आणि तशाच गाई-कोंबड्या छापल्या. खालच्या न्यायालयांनी दोन्ही चित्रांतील फरक मोजून पार्लेचा दावा फेटाळला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये तो निर्णय फिरवला. गिऱ्हाईक दोन पुडे शेजारी ठेवून त्यांतील भेद मोजत बसत नाही, ते मनात राहिलेल्या ठोकळ स्मृतीवर माल उचलते, म्हणून एकंदर ठसा सारखा असला की फसवणुकीस तेवढे पुरेसे आहे, असे या निकालाचे तात्पर्य आहे. ज्याला वेष्टनावरची अक्षरे लागत नाहीत, त्या ग्रामीण ग्राहकाला याहून मोठे संरक्षण दुसरे कोणते असणार?

दुसरे उदाहरण आपल्या शेताच्या अधिकच जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगरापासून इंजिन-पंपापर्यंत यंत्रे घडवीत ते आडनाव विहिरीच्या काठापर्यंत पोहोचवले. पुढे त्याच नावाने निघालेल्या दुसऱ्या कंपन्यांविरुद्ध दावा झाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वादींच्या बाजूने कौल दिला. स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरण्याची मुभा कायदा माणसाला देतो. कंपनीचे नाव मात्र निवडून घेतलेले असते, म्हणून तिला त्या सवलतीचा आश्रय घेता येत नाही, असे न्यायालयाने मानले. पिढ्यांच्या सचोटीने आडनावाला आलेले मोल ही मिळकतच होय, हे या निकालाने अधोरेखित केले.

तथापि प्रत्येक नावाला हे संरक्षण सारखेच लाभत नाही. आपल्याकडे दुकानाला देवाचे, गावाचे किंवा पिकाचे नाव देण्याची रीत आहे, आणि ती श्रद्धेची असल्यामुळे आदरणीयही आहे. परंतु जे नाव सर्वांचे, त्यावर एकट्याचा मक्ता चालत नाही. ‘रामायण’ हे उदबत्तीचे नाव म्हणून राखून घेण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अमान्य केला, तो याच विचाराने. मालाचे नुसते वर्णन करणारे नावही दुबळेच ठरते. म्हणून नव्या उद्योजकाने योगेश्वरी वा वैद्यनाथ असे दैवताचे नाव घेतले, तरी त्याच्या जोडीला स्वतःचे असे एखादे वेगळे चिन्ह किंवा शब्द अवश्य योजावा.

सध्याचा अधिनियम १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आहे. माल व सेवा यांचे ४५ वर्ग केलेले आहेत. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जास दर वर्गामागे ४,५०० रुपये आणि इतर मोठ्या संस्थांना ९,००० रुपये फी पडते. अर्ज व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिन्यांची मुदत असते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी नसली तरी हक्क सर्वस्वी बुडत नाही: दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणाऱ्याविरुद्ध दावा लावता येतो, आणि आधीपासून सतत केलेला वापर पुढे झालेल्या नोंदणीलाही भारी पडतो. पण तो वापर शाबीत करावा लागतो. म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिले, छापखान्याच्या पावत्या आणि जाहिराती जपून ठेवणे हे हिशेबाच्या वहीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

नोंदणीकृत चिन्हाचा मालक नकलखोर परजिल्ह्यातला असला तरी सामान्यतः आपल्याच जिल्हा न्यायालयात दावा दाखल करून मनाई हुकूम मागू शकतो. खोटे चिन्ह लावणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. मात्र वॉरंटाशिवाय झडती व जप्ती करायची, तर व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घेऊन उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यानेच ती करावी लागते. गावातल्या ठाण्यात तक्रार देतानाच हे ध्यानात ठेवले म्हणजे हेलपाटे वाचतात.

बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ती या मुलखाची सामाईक प्रतिष्ठा आहे. तिच्या आधारावर गर काढून विकणारा बचत गट वा शेतकरी कंपनी स्वतःचे चिन्हही नोंदवील, तर मुलखाची कीर्ती आणि माणसाची मेहनत या दोहोंचे मोल एकाच वेष्टनावर दिसेल. तेव्हा माल बाजारात नेण्यापूर्वी अर्ज करावा, आणि मग त्या नावाखाली कधीही हलका माल घालू नये; कारण नकलखोराला कायदा आवरील, पण मालकानेच गमावलेला विश्वास परत मिळवून देण्याची तरतूद कोणत्याही अधिनियमात नाही.