दाढ पक्की, हाड कच्चे
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. कला शाखेच्या विद्यार्थ्याने दाढांवर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण आमच्या बाबांचा खालचा जबडा.

बाबा नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर कामाला जातात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी खालच्या जबड्यात धातूचे दोन स्क्रू बसवून त्यांवर दाढा लावून घेतल्या. दादरची भाकरी पुन्हा चावता येऊ लागली. गेल्या उन्हाळ्यात त्यांतली एक दाढ हलू लागली. दुखत मुळीच नव्हते. एक्स-रेत स्क्रूभोवती काळी फट दिसली. डॉक्टर म्हणाले, "स्क्रू चांगलाच आहे, भोवतालचे हाड गेले."

हे कसे घडते? स्वीडनमधील संशोधक ब्रोनेमार्क यांना प्रयोगात आढळले की, टायटॅनियम धातूला हाड घट्ट धरून ठेवते. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले आणि ते त्याला चाळीस वर्षे पुरले. म्हणजे दोष धातूचा नव्हे.

नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते. स्क्रूला ती नसते. हिरडीच्या कडेला थर साचला की जंतू वाढतात, हिरडी सुजते, आणि ती सूज खाली उतरून हाड खाते. पहिल्या वर्षी सुमारे एक मिलिमीटर हाड कमी झाले तरी चालते. पुढे मात्र वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमीच झिजावे, असे तज्ज्ञ मानतात. विडी आणि आटोक्यात नसलेला मधुमेह ही झीज वाढवतात. घासताना हिरडीतून रक्त येणे ही पहिली खूण. दाढ हलू लागली म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो.

बाबांना विडी आहे. रक्तही येत होते. "उष्णता असेल" म्हणून आम्ही सोडून दिले.

परवा रेशनकार्डाच्या पिशवीत त्या वेळी मिळालेला सूचनांचा कागद सापडला. घासणे, विडी, दर सहा महिन्यांनी तपासणी, सारे त्यात होते, पण इंग्रजीत. तेव्हा मी नववीत होतो. कोणी वाचलाच नव्हता. मी तो मराठीत उतरवून आरशाशेजारी चिकटवला. बाबांनी अडखळत वाचला आणि म्हणाले, "एवढंच होतं व्हय?"

दुसरी दाढ अजून घट्ट आहे. मित्रहो, आपल्याही घरच्या पिशवीत असा एखादा कागद असेल. या सुटीत तो काढून घरच्यांना वाचून दाखवा.